हाळ गावात वर गेलेली बोटं

उलव्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी सात-साडेसातला उभं राहिलं की एक दिवा दिसतो. तो लुकलुकत नाही, हलतही नाही. चांदणीपेक्षा मोठा, पिवळट पांढरा, मिनिट-दोन मिनिटं आकाशात टांगून ठेवल्यासारखा. मग तो एकाएकी फुगतो, दोन्ही बाजूंना लाल-हिरवे ठिपके उमटतात आणि आवाज पोचतो. विमान असतं. आपल्याच रोखाने सरळ येणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा असा स्थिर भासतो, कारण ते बाजूला सरकत नसतं, फक्त जवळ येत असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हवाई दलाचं सी-२९५ इथे पहिल्यांदा उतरलं, २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तरी अजूनही गच्चीवर कोणी पाहुणा आला की विचारतो, ‘ते काय आहे?’

त्याच डिसेंबरात स्टीव्हन स्पीलबर्गच्या नव्या चित्रपटाची झलक आली. नाव ‘डिस्क्लोजर डे’, म्हणजे गुपित उघड करण्याचा दिवस. प्रदर्शनासाठी जून २०२६ जाहीर झाला. विश्वात आपण एकटे नाही हे काही जणांना ठाऊक असेल, तर ते बाकीच्या सगळ्यांना सांगायचं का, हा त्यातला प्रश्न. चित्रपटाचं परीक्षण हा माझा विषय नाही. मला त्या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे, आणि तो उलव्यात बसून घ्यायला एक सबळ कारण आहे. याच दिग्दर्शकाने हाच प्रश्न पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आणला, तेव्हा त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग आमच्या पनवेलला लागून असलेल्या खालापूर तालुक्यात चित्रित झाला होता.

‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ हा तो चित्रपट, १९७७चा. त्यातला भारतातला प्रसंग खालापूरजवळच्या हाळ या गावात घेतला गेला. कॅमेऱ्यामागे डग्लस स्लोकोम होते आणि फ्रेंच शास्त्रज्ञ लाकोंबच्या भूमिकेत खुद्द दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो. चित्रपटात ही जागा धरमशाला म्हणून दाखवली आहे, पण माती रायगडची. प्रसंग छोटा आहे. प्रचंड जमाव जमिनीवर बसून पाच सुरांची एक धून पुन्हा पुन्हा गातोय. लाकोंब ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन येतो. हे सूर तुम्ही कुठून ऐकलेत, असं लोकांना विचारलं जातं. उत्तरादाखल शेकडो हात एकदम उठतात आणि शेकडो बोटं आकाशाकडे जातात.

या क्षणाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. त्याच्या पुढे काय होतं, याकडे मात्र फारसं कोणी लक्ष दिलेलं नाही. लोकांनी जे ऐकलं ते यंत्रात बंद होतं. पुढच्या प्रसंगात लाकोंब एका सभागृहात निवडक मंडळींसमोर तीच धून वाजवतो. नंतर भेटीची जागा ठरते, अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर. तिथल्या लोकांनी निघून जावं म्हणून लष्कर अफवा पसरवतं की आगगाडी घसरून विषारी वायू गळतोय. प्रत्यक्ष भेटीच्या वेळी डोंगरामागे शास्त्रज्ञ आहेत, अधिकारी आहेत आणि हट्टाने घुसलेली दोन साधी माणसं आहेत. हाळच्या त्या जमावातलं कोणीही नाही. सर्वांत आधी ज्यांनी ऐकलं, त्यांना शेवटी काय झालं हे कळवायलाही कोणी परत गेलेलं नाही. हे चित्रीकरण झालं तेव्हा देशात आणीबाणी अजून उठायची होती, हे आठवलं की त्या वर गेलेल्या बोटांकडे मला वेगळ्याच नजरेने पाहावंसं वाटतं.

हा विषय चालू झाला की प्रश्न हटकून एकाच बाजूने विचारला जातो: लोकांना सांगितलं तर ते घाबरतील का? लोकांना काही माहीत नाही, माहिती वरच्या खोलीत आहे, आणि ती खाली सोडायची की नाही एवढंच ठरायचं आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा आधी पाहतात ते लोकच. त्यांना हवं असतं ते उत्तर: कोणीतरी यावं, त्यांनी पाहिलेलं पाहावं आणि त्यांच्या भाषेत काय ते सांगावं.

चित्रपटांनी हा प्रश्न कसकसा हाताळला ते झरझर पाहून घेऊ. १९५१च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मधला पाहुणा सर्व देशांच्या प्रमुखांना एकत्र बोलवा म्हणतो. ते जमत नाही, तेव्हा तो शास्त्रज्ञांकडे वळतो. ‘अरायव्हल’मध्ये (२०१६) बारा ठिकाणी यानं उतरतात आणि देश एकमेकांशी बोलणंच बंद करतात. आपल्याकडे ‘कोई... मिल गया’मध्ये (२००३) मुलं जादू नावाच्या परग्रहवासीयाला मोठ्यांपासून लपवतात. ‘पीके’ (२०१४) बिचारा कोणापासून काही लपवत नाही, पण त्याचं कोणी खरंच मानत नाही. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये लिहिलेली ‘द एलियन’ ही पटकथा पडद्यावर आली असती तर या सगळ्यांत ती निराळी ठरली असती, असं मला मनापासून वाटतं. बंगालमधल्या एका खेड्यातल्या तळ्यात यान पडतं. पाण्याबाहेर आलेला त्याचा कळस पाहून गावकऱ्यांना वाटतं, बुडालेलं देऊळ वर आलं. ते पूजा सुरू करतात. लोक रिकाम्या डोळ्यांनी पाहत नाहीत, त्यांच्याजवळ आधीच अर्थ असतो, हे राय यांनी नेमकं ओळखलं होतं. कोलंबियाबरोबर बोलणी होऊनही तो चित्रपट झाला नाही.

‘कॉन्टॅक्ट’वर (१९९७) थोडं थांबायला हवं. कार्ल सेगन यांच्या १९८५च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. अभिजित ताऱ्याच्या दिशेने संदेश येतो आणि नायिका तो ताबडतोब जगभरच्या वेधशाळांना कळवते. सुरक्षा अधिकारी चिडतात. पण तिचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. पृथ्वी फिरते. अमेरिकेत तारा मावळला की तो दुसऱ्या खंडातल्या दुर्बिणीनेच धरावा लागतो. म्हणजे गुपित ठेवायचं म्हटलं तर निम्मा संदेशच हातून जायचा. खगोलशास्त्र मोकळं राहिलं यात शास्त्रज्ञांच्या उदारपणाचा भाग असेलच, पण त्याहून अधिक हात पृथ्वीच्या गोलाईचा आहे.

याचा पडताळा आपल्याकडेही आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपचं स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा अतिशय क्षीण संदेश खोडदच्या तबकड्या टिपत होत्या. उतरण्याच्या थोडं आधी तो तुटला. यान मंगळावर आदळलं हे नंतर स्पष्ट झालं, पण काहीतरी बिनसलं याची पहिली चाहूल जुन्नर तालुक्यात लागली होती. युरोपच्या अंतराळ संस्थेने संदेश तुटल्याचं त्याच संध्याकाळी जाहीरही केलं. वाईट बातमी, अर्धवट बातमी, आणि तरी लगेच सांगितलेली.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडलेला माणूस म्हणजे जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत एक हौशी निरीक्षक, दत्तदा, नवा धूमकेतू शोधतो. तो पृथ्वीवर आदळणार असं गणित सांगतं. मग इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांची गुप्त परिषद भरते आणि जगाला न सांगता उपाय ठरतो. इथेही शोध लावणारा एक साधा माणूस आहे. फरक एवढाच की नारळीकर त्याला परिषदेला बोलावतात. घरी परतल्यावर त्याला दिसतं की बायकोने धूमकेतूची बाधा टळावी म्हणून यज्ञ केला आणि संकट यज्ञाने टळलं असंच घरच्यांना वाटतंय. खरं कारण त्याला माहीत आहे. ही कथा लहानपणी वाचताना मला धूमकेतूची भीती वाटली होती. आता वाचताना त्या घरातल्या शांततेने जीव कासावीस होतो. गुपित ठेवलं की रिकामी जागा उरते आणि तिथे दुसरं काहीतरी येऊन बसतं.

नारळीकरांच्या वाट्याला हा प्रसंग कथेबाहेरही आला. पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव बाहेरून येत असतील का, हे तपासायला २१ जानेवारी २००१ला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधल्या फुगा केंद्रातून एक फुगा सोडला गेला. द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या निर्जंतुक नळ्यांमध्ये ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणली. तिच्यात जिवंत पेशी मिळाल्या. २० एप्रिल २००५ला दुसरं उड्डाण झालं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीशास्त्र संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात नमुने वाढवले गेले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांतले तीन जिवाणू नवे होते. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून जॅनीबॅक्टर हॉयली, दुसऱ्याला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि तिसऱ्याला बॅसिलस आर्यभट्टाय असं नाव मिळालं. अतिनील किरणांपुढे ते त्यांच्या पृथ्वीवरच्या भाऊबंदांपेक्षा अधिक टिकाव धरत होते.

हे मार्च २००९ मध्ये इस्रोने जाहीर केलं. म्हणजे चार वर्षांनी. जाहीर करताना साफ म्हटलं की निकाल उत्साहवर्धक आहेत, पण हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. ज्या माणसाने परग्रहावरच्या जीवांवर कथा-कादंबऱ्या लिहिल्या, ‘प्रेषित’ लिहिली, ज्याला हे जीव बाहेरचे निघावेत असं वाटणं स्वाभाविक होतं, त्याचा गट एवढ्यावर थांबला. माझ्या लेखी महाराष्ट्राच्या आसपास घडलेला ‘उघड करण्याचा दिवस’ हाच. त्यात कोणी पडदा ओढला नाही, भाषण झालं नाही. जेवढं हाताशी आहे तेवढं सांगितलं आणि जिथे शंका आहे तिथे शंका सांगितली.

शास्त्रज्ञांचा लेखी शिरस्ता याहून वेगळा नाही. आंतरराष्ट्रीय अवकाशविज्ञान अकादमीने १९८९ मध्ये यासाठी नियम केले आणि २०१० मध्ये ते सुधारले: आधी पडताळा, मग इतर निरीक्षकांना खबर, मग सर्वांना, आणि सल्लामसलत केल्याशिवाय कोणी परस्पर उत्तर धाडायचं नाही. नियम होण्याआधीची गोष्ट म्हणजे १९६७ची. जोसेलिन बेल यांना केंब्रिजला नियमित ठोके देणारा रेडिओ स्रोत मिळाला, थट्टेत त्याचं नाव ‘छोटी हिरवी माणसं’ पडलं, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये निबंध आला तो पल्सार या नव्या प्रकारच्या ताऱ्यांचा. उलट उदाहरण ऑगस्ट १९९६चं. अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळाच्या एका दगडात जीवाश्म असावेत असा दावा झाला, तर त्यावर थेट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन बोलले. तो दावा आजही बहुतेकांना मान्य नाही. इतक्या मोठ्या तोंडून बातमी गेली की मागाहून आलेली दुरुस्ती कोणाच्या कानावर पडत नाही.

अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये संसदेच्या समितीसमोर डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने, सरकारकडे परकी यानं आहेत असं शपथेवर सांगितलं. पुरावा लोकांसमोर आला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात नासाच्या अभ्यासगटाने, आकाशातल्या न उलगडलेल्या घटना परग्रहावरच्या आहेत असं मानायला आधार मिळत नाही, असं सांगितलं. स्पीलबर्गचा चित्रपट याच हवेत आला आहे आणि म्हणूनच त्यात दडवलेल्या सत्याचा दरवाजा आहे. मला वाटतं, प्रत्यक्षात असा दरवाजा नसेल. आलेखावर एक बारीकशी खाच असेल. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसतात असं म्हटलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. खूण योगायोगाने उमटली असण्याची शक्यता हजारात तीन. पक्का शोध म्हणायला ती सुमारे सतरा लाखांत एक इतकी कमी लागते. मग इतर गटांनी तीच निरीक्षणं तपासली आणि त्यांना खूण आणखी फिकी दिसली. अजून काथ्याकूट चालू आहे.

ही बातमी मराठीत सांगायची कशी? इथे आपल्या भाषेची एक देणगी उपयोगी पडते आणि आपण ती वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. ‘तिथे जीव आहेत’, ‘तिथे जीव असावेत’, ‘तिथे जीव असतील’, ‘तिथे जीव आहेत म्हणे’. चारही वाक्यं शेतावरच्या माणसालाही वेगवेगळी कळतात. पहिल्यात पाहिलेलं आहे, दुसऱ्यात खुणेवरून काढलेला अंदाज, तिसऱ्यात नुसती शक्यता आणि चौथ्यात ऐकीव. के२-१८बीची खरी बातमी ‘असतील’ आणि ‘असावेत’ यांच्या मध्ये कुठेतरी होती. मथळ्यांमध्ये तिची ‘सापडले’ होते आणि मोबाइलवर फिरताना ‘म्हणे’ गळून पडतं. २०२५च्या जुलैत सापडलेल्या ३आय-अ‍ॅटलास या परक्या धूमकेतूचं हेच झालं. तो यान आहे असं आमच्या इमारतीच्या गटावर आलं, तेव्हा त्यात ‘म्हणे’ नव्हतं.

आता घबराटीबद्दल. १९३८ मध्ये रेडिओवर मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक झालं आणि अमेरिका रस्त्यावर आली, असं पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं की ती घबराट वर्तमानपत्रांनी फुगवली होती. १९७९च्या जुलैत स्कायलॅब कोसळणार म्हणून आपल्याकडे गावोगाव धास्ती होती. थोरल्या माणसांना विचारा, ती अजून सांगतात. ११ जुलैला तुकडे ऑस्ट्रेलियात पडले. पहिल्या वेळची भीती बरीचशी फुगवलेली होती, पण दुसऱ्या वेळची खरी होती आणि वेडगळही नव्हती: वरून लोखंड खरंच पडणार होतं आणि कुठे पडेल हे कोणी नक्की सांगू शकत नव्हतं.

विदर्भात ते खरंच पडलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. राज्याच्या मोठ्या भागात लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. कोणी उल्का म्हणालं, कोणी उपग्रह. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं, दोन-तीन मीटर व्यासाचं, ४० किलोच्या घरातलं. आसपासच्या शिवारांत धातूचे गोल मिळाले. कडं पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं गेलं. चीनच्या एका अग्निबाणाचा शेवटचा टप्पा परत वातावरणात आला होता, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीला येऊन ते अवशेष पाहून गेले. तिथे कोणी पळापळ केली नाही. लोकांनी ते कडं बघितलं, फोटो काढले, पोलिसांना कळवलं. परग्रहावरून खरंच काही आलं तर पहिला फोन करणारं गाव कसं वागेल, याचा याहून चांगला नमुना मला कुठल्याच चित्रपटात दिसलेला नाही.

उलव्याला हे ओळखीचं वाटावं. इथला डोंगर विमानतळासाठी फोडला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली, त्यांत उलवे गावही होतं. त्या वर्षांत सुरुंग उडाला की आधी खिडकीची तावदानं सांगायची, कागद मागून यायचा. मोठी गोष्ट घडते तेव्हा ती पायाखाली आधी कळते, हे इथल्या आगरी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

नारळीकर २० मे २०२५ला गेले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट पुण्यात पुष्कळांना ठाऊक आहे. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा म्हणत. मग उत्तर जाई, खाली सही. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र केंद्राच्या स्थापनेपासून, १९८८पासून, २००३पर्यंत ते तिचे संचालक होते. तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. पोस्टकार्डाच्या पाठीवर जेमतेम दहा-बारा ओळी मावतात. उत्तर तेवढ्यात बसवायचं, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेत. हाळच्या जमावाकडे जे परत गेलं नाही, ते हेच असावं असं मला वाटतं.

परवा गच्चीवर तिसऱ्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा आला होता. तो दिवा त्याने पाहिला आणि मी सवयीने सांगून टाकलं, ‘विमान आहे रे.’

तो कठड्याला टेकून बघत राहिला. मग म्हणाला, ‘काका, ते विमान आहे हे तुम्हाला आत्ताच कसं कळलं? अजून तर ते हललंच नाही.’

त्याचं बरोबर होतं. मला कळलं नव्हतं, मला फक्त सवय होती. ‘विमान असावं,’ मी म्हटलं. ‘थांब, दोन मिनिटं बघू.’

आम्ही दोघं बघत उभे राहिलो.